उसने सूर आणि खरे गोत

पक्ष्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासात रंग, आकार आणि आवाज या तीन गोष्टींनी अभ्यासकांना जेवढी वाट दाखवली, जवळपास तेवढेच त्यांना चकवलेही आहे. आणि दुसऱ्या पक्ष्यांचे सूर उचलून आपल्या गाण्यात गुंफणाऱ्या नकलाकार पक्ष्यांच्या बाबतीत हा चकवा सर्वांत अधिक काळ टिकला. नक्कल करण्याचे कौशल्य इतके विलक्षण वाटते की ते ज्यांच्याकडे आहे ते सारे पक्षी एकाच घराण्यातले असावेत, असे कोणालाही सहज वाटावे. प्रत्यक्षात हे कौशल्य गायक पक्ष्यांच्या वंशवृक्षावर ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उगवले आहे, आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात त्याची साक्ष चांगली मिळते.

या कौशल्यासाठी जगात सर्वाधिक प्रसिद्धी पावलेला पक्षी म्हणजे अमेरिकेतील मॉकिंगबर्ड. ज्या कुलाला त्याच्यावरून ‘मिमिडी’ असे नाव मिळाले, त्यात सुमारे ३४ जाती असून त्या सर्व अमेरिका खंडात आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर राहतात. भारतात या कुलाची एकही जात आढळत नाही. उत्तर अमेरिकेतील साध्या करड्या रंगाच्या मॉकिंगबर्डच्या एका नराकडे दीडशेहून अधिक प्रकारच्या सुरावटी असू शकतात, तर त्याच कुलातील तपकिरी थ्रॅशर या पक्ष्याच्या सुरावटींची संख्या हजाराच्याही पुढे जाते. विज्ञानाच्या इतिहासात मात्र या कुलाला जे स्थान लाभले ते गाण्यामुळे लाभलेले नाही. १८३५ मध्ये गॅलापागोस बेटांवर पोहोचलेल्या चार्ल्स डार्विनच्या लक्षात आले की एका बेटावरचा मॉकिंगबर्ड दुसऱ्या बेटावरच्या मॉकिंगबर्डपेक्षा वेगळा आहे, आणि १८३७ मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते नमुने तपासून त्यांच्या निरनिराळ्या जाती असल्याचे सांगितले. जाती स्थिर नसाव्यात, या डार्विनच्या शंकेला बळ देण्यात पुढे गाजलेल्या फिंच पक्ष्यांपेक्षा या मॉकिंगबर्डांचा वाटा आधीचा आणि अधिक थेट होता, ही गोष्ट आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी.

जव्हार गावाजवळची शिरपामाळ महाराष्ट्राला ठाऊक आहे ती इतिहासामुळे. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारच्या विक्रमशाह राजांनी येथे त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. माळ आणि त्याभोवतीचा मुलूख पक्ष्यांच्या दृष्टीनेही संपन्न आहे. साग, ऐन, मोह, हेद, कळंब अशा पानझडी वृक्षांचे जंगल, उतारांवरची नागली आणि वरईची शेते, पाड्यांभोवतीची आंब्या-मोहाची झाडे आणि दाभोसा धबधब्यासारख्या ठिकाणच्या ओल्या, सावलीच्या कपारी असे निरनिराळे अधिवास येथे थोड्या अंतरात एकत्र येतात. शिशिराच्या अखेरीस पाने गळून पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की मधुरसासाठी आणि फुलांवर येणाऱ्या कीटकांसाठी पक्ष्यांची जी गर्दी होते, तीत साळुंकी, भांगपाडी मैना, मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या पळसमैना (यांनाच भोरड्या म्हणतात), कोतवाल, भृंगराज आणि पानांच्याच रंगाचे पर्णपक्षी असे सारे असतात. यांतील बहुतेक जण कमी-अधिक प्रमाणात नकलाकार आहेत. रसिकाला ती एक मैफल वाटेल, पण वर्गीकरणाच्या दृष्टीने त्या एका झाडावर परस्परांपासून फार पूर्वी दुरावलेली तीन घराणी बसलेली असतात.

शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनिअसने या पक्ष्यांना कोठे बसवले होते ते पाहिले, म्हणजे पुढच्या अडीचशे वर्षांतील उलथापालथीची कल्पना येते. लिनिअससमोर बहुतेक वेळा जिवंत पक्षी नसत. वाळवलेली कातडी, चित्रे आणि प्रवाशांची वर्णने एवढ्यावरच त्याला काम करावे लागे. त्याने १७५८ मध्ये आपल्या ओळखीच्या दयाळ पक्ष्याला ‘ग्रॅक्युला’ या मैनांच्या प्रजातीत घातले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). १७६६ मध्ये घराघरांपाशी दिसणाऱ्या साळुंकीला त्याने ‘पॅराडिसिया’ म्हणजे न्यू गिनीकडच्या स्वर्गीय पक्ष्यांच्या प्रजातीत टाकले, आणि शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे पल्लव असलेल्या भृंगराजाला कोकिळांच्या ‘कुकुलस’ प्रजातीत. मॉकिंगबर्डला त्याने ‘टर्डस पॉलिग्लॉटॉस’ असे नाव देऊन कस्तुरांच्या प्रजातीत ठेवले आणि त्याच ग्रंथात पळसमैनेलाही ‘टर्डस रोझिअस’ म्हणून त्याच प्रजातीत जागा दिली. पुढे १७८९ मध्ये ग्मेलिनने भांगपाडी मैनेला ‘टर्डस पॅगोडारम’ म्हटले. कस्तुर म्हणून ही सर्व नावे चुकीची ठरली आणि यथावकाश बदलली. परंतु मॉकिंगबर्ड आणि मैना यांना शेजारी बसवण्यात आधार नसतानाही जे घडून गेले, त्याचा खरेपणा सिद्ध व्हायला सव्वादोनशे वर्षे लागली.

गायक पक्षी ही संज्ञा शास्त्रात नेमक्या अर्थाने वापरतात. जगातील पक्ष्यांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती पॅसेरिफॉर्मिस या एकाच गणात येतात; फांदीला घट्ट पकड बसेल अशी तीन बोटे पुढे आणि एक मागे असलेली पायांची ठेवण हे त्यांचे लक्षण. या गणाची सर्वांत मोठी शाखा म्हणजे गायक पक्षी. श्वासनलिका जेथे दोन फुफ्फुसांकडे फाटते, तेथे पक्ष्यांचा ‘सिरिंक्स’ नावाचा ध्वनी निर्माण करणारा अवयव असतो, आणि गायक पक्ष्यांत त्याला चालवणाऱ्या स्नायूंची रचना विशेष गुंतागुंतीची असते. त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालू शकत असल्यामुळे एकाच वेळी दोन स्वर काढणेही त्यांना साधते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पक्षी आपले गाणे ऐकून शिकतात. ऐकून शिकण्याची ही शक्ती पक्षिजगतात गायक पक्षी, पोपट आणि अमेरिकेतील हमिंगबर्ड या मोजक्याच गटांत ठळकपणे आढळते. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात आणि घाटात येणारा नवरंग रंगांनी डोळे दिपवतो आणि पहाटे-सांजेला मोठ्याने शीळही घालतो, पण तो याच गणातील दुसऱ्या शाखेचा असल्याने काटेकोर अर्थाने गायक पक्षी नव्हे.

ज्याला ऐकून शिकता येते, त्याने आपल्याच जातीचे सूर शिकावेत असा नियम निसर्गाने सर्वांना सारखा घातलेला नाही. काहींच्या बाबतीत हे दार सताड उघडे राहते, आणि भृंगराज हा त्यांतला अग्रणी. ससाण्याची हाक, शिक्रा आल्यावर सातभाईंचा उठणारा कल्लोळ, सुतारपक्ष्याचा आवाज असे कितीतरी तुकडे तो आपल्या धातूसारख्या खणखणीत स्वरांत मिसळतो. सातभाई, सुतार, निखार असे वेगवेगळे पक्षी एकत्र फिरून अन्न शोधतात, त्या मिश्र थव्यांमागे भृंगराज राहतो, कारण त्यांच्या हालचालीने उडालेले कीटक त्याला हवेत आयते टिपता येतात. एबेन गुडेल आणि सरथ कोटगामा यांनी श्रीलंकेच्या सिंहराज अरण्यात भृंगराजाच्या अगदी जवळच्या भाईबंदाचा अभ्यास करून २००६ मध्ये असे दाखवले की ही नक्कल प्रसंगानुसार बदलते: धोक्याच्या वेळी तो शिकारी पक्ष्यांचे आवाज आणि इतर जातींचे इशारे काढतो, आणि शांत वेळी त्यांच्या नेहमीच्या हाका व गाणी. त्याचे ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर इतर जातींचे पक्षी जवळ आले, म्हणजे नकलेमुळे थवा जमवायला मदत होत असावी. आफ्रिकेच्या कालाहारी प्रदेशातला त्याचा एक नातलग तर धोक्याचा खोटा इशारा देऊन दुसऱ्यांच्या तोंडचा घास पळवतो. असा हा भृंगराज कोतवालांच्या ‘डायक्रुरिडी’ कुलातला, म्हणजे कावळे, हळदे आणि खाटीक यांच्या मोठ्या गोतावळ्यातला आहे. मॉकिंगबर्डशी त्याचे नाते गायक पक्ष्यांच्या झाडाच्या बुंध्याकडे गेल्याशिवाय सापडत नाही. पर्णपक्षीही उत्तम नकलाकार, पण त्यांचे कुल तिसऱ्याच फांदीवर, चिमण्या, सुगरण आणि शिंजीर यांच्या बाजूला आहे.

मग मॉकिंगबर्डचे जवळचे आप्त कोण? विसाव्या शतकाचा बराच काळ उत्तर ठरलेले होते: कस्तुर. दोघांची अंगलट सारखी, जमिनीवर धावून किडे टिपण्याची सवय सारखी, आणि दोघांच्याही पिलांच्या छातीवर ठिपके असतात. पिलांच्या ठिपक्यांना तेव्हा फार वजन दिले जाई. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्या १९६८ ते १९७४ या काळात निघालेल्या दहा खंडांच्या थोर ग्रंथात कस्तुर, माशीमार, वटवटे आणि सातभाई या साऱ्यांना ‘मस्किकॅपिडी’ या एकाच अवाढव्य कुलात उपकुले म्हणून सामावून घेतलेले दिसते, तर मैना मात्र पाचव्या खंडात कोतवाल आणि हळद्या यांच्या सोबतीला आहेत. उपलब्ध पुराव्यावर ती मांडणी समंजस होती आणि त्या ग्रंथातील पक्ष्यांच्या जीवनक्रमाच्या नोंदी आजही तितक्याच मोलाच्या आहेत. पण नात्यांचा हा नकाशा टिकणारा नव्हता.

१९८४ मध्ये चार्ल्स सिबली आणि जॉन अल्क्विस्ट यांनी मॉकिंगबर्ड आणि मैना यांच्या नात्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांची रीत अशी होती की डीएनएच्या रेणूतील एकमेकांना जुळलेले दोन धागे उष्णता देऊन सुटे करायचे, एका जातीचा धागा दुसऱ्या जातीच्या धाग्याशी जुळू द्यायचा आणि हा मिश्र जोड पुन्हा किती तापमानाला सुटतो ते मोजायचे. दोन जाती जितक्या जवळच्या, तितका जोड घट्ट आणि तो सोडवायला लागणारी उष्णता अधिक. या कसोटीवर मॉकिंगबर्डचे सर्वांत जवळचे नातेवाईक कस्तुर ठरले नाहीत. ठरल्या त्या मैना. सिबली-अल्क्विस्ट यांच्या पद्धतीवर आणि आकडे हाताळण्यावर पुढे कठोर टीका झाली, त्यांचे अनेक निष्कर्ष मोडीतही निघाले. परंतु डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्याचे तंत्र हाती आल्यावर वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीत हा निष्कर्ष उभा राहिला. आज मिमिडी आणि मैनांचे ‘स्टर्निडी’ ही भगिनी-कुले मानतात, म्हणजे एकाच पूर्वज-शाखेचे दोन फाटे. त्यांच्यालगत आफ्रिकेत जनावरांच्या अंगावरील गोचिड्या टिपणारे ऑक्सपेकर येतात आणि त्यानंतर कस्तुर व माशीमार.

याच तपासणीत कस्तुरांचे जुने घरही फुटले. दाभोशाच्या कपारीत पावसाळी पहाटे माणसाने शीळ घालावी तसा गाणारा शीळकरी कस्तुर, पाड्यातल्या कुडाच्या घराच्या आढ्यावर बसून गाणारा दयाळ आणि दाट झाडीतला शामा हे सारे पूर्वी कस्तुर-गटात मोजले जात. आता ते माशीमारांच्या कुलात गेले आहेत. नारिंगी डोक्याचा कस्तुर मात्र खरा कस्तुर म्हणून ‘टर्डिडी’ कुलात राहिला. शीळकरी कस्तुराला नावाने कस्तुर म्हणत राहायला काहीच हरकत नाही. लोकांची नावे ओळखीसाठी असतात, वंशावळीसाठी नव्हेत.

साऱ्या शोधाचे फलित असे की जव्हारच्या मुलखात मॉकिंगबर्डचे खरे भाऊबंद शोधायचे, तर घनदाट रानात शिरण्याची गरज नाही. बाजारपेठेत, गोठ्यापाशी, नांगरटीमागे चालणारी साळुंकी हीच त्याची आप्त. तिच्या जोडीला या भागात जंगली मैना आहे, आणि तिच्या पश्चिम भारतातील उपजातीला ‘महारट्टेन्सिस’ हे नाव कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये दिले. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी करणाऱ्या साइक्स यांनी मराठी मुलखाचे नाव असे एका मैनेला कायमचे जोडून ठेवले. उत्तरेकडील जंगली मैनेचा डोळा पिवळा असतो, या उपजातीचा फिकट निळसर. या सर्व मैना ऐकलेले सूर उचलतात, त्यांत इतर पक्ष्यांचे आणि माणसाच्या वस्तीतले आवाजही येतात. पिंजऱ्यातल्या मैनेचे बोलणे हा याच शक्तीचा आविष्कार, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी मैनांना पिंजऱ्यात ठेवण्यावर बंदी आहे हे योग्यच झाले. माणसाच्या हातून एक विचित्र पुनर्भेटही घडली: १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातील स्टार्लिंग, म्हणजे तिकडची मैना, सोडण्यात आली आणि तिची प्रजा अमेरिकाभर पसरली, फ्लोरिडात आपली साळुंकीही स्थिरावली आहे. युगानुयुगे समुद्रापार राहिलेले दोन फाटे आता तेथे एकाच तारेवर बसलेले दिसतात.

नक्कल हा नात्याचा पुरावा नसला, तरी ज्या रानात ती होते त्या रानाची ती नोंद असते, कारण पक्षी जे ऐकतो तेच उचलतो. भृंगराजाच्या आवाजातून निखार, सुतार, शिक्रा किंवा मोरघार यांच्यापैकी कोण ओळखू येते, यावरून त्याच्या परिसरात कोण नांदते याचा अंदाज बांधता येतो. म्हणून शिरपामाळ, खोडाळा, सूर्यमाळ या भागांत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी पक्ष्यांच्या याद्या करताना एवढे अधिक लिहावे: नक्कल कोणी केली, कोणाची केली, त्या वेळी शिकारी पक्षी जवळ होता का, थव्यात आणखी कोण होते आणि कोणते झाड फुलले होते. आता हातातल्या फोनवरही कामापुरते ध्वनिमुद्रण होते, आणि झेनो-कँटोसारख्या जगभरच्या आवाजांच्या खुल्या संग्रहात ते ठेवता येते. पाड्यांवरची वडीलधारी माणसे केवळ आवाजावरून पक्षी आणि त्याची चाहूल ओळखतात. अशा नोंदी त्यांच्यासोबत बसून, मुद्रण त्यांना ऐकवून केल्या, तर भृंगराजाच्या उसन्या सुरांचे मूळ मालक कोण हे सांगणारा त्यांच्याइतका जाणकार दुसरीकडे मिळणार नाही.