परसबाग आणि गावची कृषी सखी

सोलापूर जिल्ह्याचा बहुतांश भाग अवर्षणप्रवण आहे. ज्वारीची भाकरी घरोघरी असते. परंतु चैत्र-वैशाखात तिच्या जोडीची हिरवी भाजी अनेक ताटांतून दिसेनाशी होते. गर्भवती स्त्रिया व वाढती मुले यांस ही उणीव विशेष बाधते.

केवळ बियाण्याच्या पुड्या वाटल्याने परसबाग होत नाही. कोवळी पाने किडीने खाल्ली अथवा पाणी आटले म्हणजे कोणास विचारावे, हा खरा प्रश्न असतो. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा एकेका ग्रामसेवकाकडे अनेक गावे असत. प्रत्येक परसात डोकावणे त्यास शक्य नव्हते. आता ‘उमेद’ अभियानाच्या स्वयंसहायता समूहांतून निवडलेली कृषी सखी हे काम करू शकते. केंद्राच्या कृषी व ग्रामविकास मंत्रालयांनी २०२३ मध्ये केलेल्या करारानंतर अशा सखींना प्रमाणपत्रे देण्यास आरंभ झाला. त्यांचे प्रशिक्षण ५६ दिवसांचे असते. मात्र प्रमाणपत्रापेक्षा तिच्या स्वतःच्या परसातील वाफा शेजारणीस लवकर पटतो.

येथे मुख्य अडचण पाण्याची. न्हाणीचे पाणी खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून काढून केळी, पपई, शेवगा यांच्या आळ्यांत सोडावे. पालेभाज्यांस ते देऊ नये. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी काळ्या जमिनीस वारंवार दिल्यास ती चोपण होऊ लागते, म्हणून ते परसबागेत घेऊच नये. दोडका, कारले, घेवडा या वेलींच्या मध्यभागी मातीचे भाजलेले, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरावे व भरून झाकून ठेवावे. पाणी पाझरून मुळांशीच जाते. गळा फुटलेले जुने मडकेही चालते. वाफ्यांवर पाचोळ्याचे किंवा तुरीच्या भुसकटाचे आच्छादन करावे.

मेथी, शेपू, चुका, राजगिरा एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावीत. मावा दिसल्यास निंबोळीची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. रोग ओळखू न आल्यास सखीने रोगट फांदी घेऊन सोलापूर किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. अंदाजाने औषध सांगू नये.

भेंडी, गवार, वाल यांची निरोगी फळे झाडावरच वाळवून बी राखावे. संकरित वाणाचे बी मात्र पुढील पेरणीस ठेवू नये. राखलेले बी राख लावून गाडग्यात ठेवावे आणि मृगापूर्वी समूहाच्या बैठकीत वाटून घ्यावे.