व्याजाविना वित्तव्यवहार

इस्लामी वित्तव्यवहारात ‘रिबा’, म्हणजे कर्जावरील व्याज, निषिद्ध मानले जाते; केवळ काळ लोटला म्हणून पैसा वाढू नये, प्रत्यक्ष व्यवहारातील जोखीम उचलणाऱ्यालाच नफा मिळावा, असे त्यामागील तत्त्व आहे. ‘मुदारबा’ करारात एक पक्ष भांडवल व दुसरा श्रम पुरवतो, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि आर्थिक तोटा भांडवल देणारा सोसतो. ‘मुराबहा’ पद्धतीत, बारामतीजवळच्या सांगवीतील एखाद्या ऊस उत्पादकाला ट्रॅक्टर हवा असल्यास बँक तो आधी स्वतः विकत घेईल आणि आपला नफा उघड सांगून त्याला हप्त्यांवर विकेल.

भारतात मात्र 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम 8 बँकांना मालाच्या व्यापारास मनाई करते. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये व्याजमुक्त बँकिंगची शिफारस केली, तरी रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. दरम्यान, 2010 मध्ये मुंबई शेअर बाजारात शरियतचे निकष पाळणाऱ्या 50 कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला, तर सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये बिनव्याजी ठेवींतून गरजूंना बिनव्याजी कर्जे देण्याचा प्रयोग केला.