चिंता आणि अस्सल जगणे

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा दिवस जातो, त्यांना ओतकामाचा क्रम सांगावयास नको. आधी पॅटर्न, मग वाळूचा साचा, मग लोखंडाचा रस. नग कोणत्या कामाचा, हे तो तयार होण्यापूर्वीच ठरलेले असते. माणसाचे तसे नाही, हे अस्तित्ववादाचे पहिले सूत्र. १९४५ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे, अशाच एका जाहीर व्याख्यानात, सार्त्र यांनी ते कागद कापण्याच्या सुरीचा दाखला देऊन सांगितले. माणूस आधी असतो. तो काय आहे, हे त्याच्या निवडीतून मागाहून ठरते.

चिंता उद्भवते ती येथेच. भय आणि चिंता एक नव्हेत, हे किर्केगार्द यांनी १८४४ साली व हायडेगर यांनी १९२७ साली दाखविले. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, तेव्हा वाटले ते भय. त्याला विषय होता. पाणी ओसरले, तेही ओसरले. चिंतेला असा विषय नसतो. सारे ठीक असता रात्री जाग येते आणि मनात येते, हे आयुष्य आपण निवडले, की नुसते वाट्याला आले?

‘लोक काय म्हणतील’, ‘आमच्या घरात असेच चालते’ असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो. सार्त्र यांच्या मते ती आत्मवंचना होय.

समजा, वडिलांची फौंड्री मुलाकडे आली. ती सोडून गेला म्हणजे तो अस्सल जगला, असे मात्र कोणी समजू नये. केवळ रागाने जाणे हीही पळवाटच. ‘हे मी पत्करले आहे, याचे बरेवाईट माझ्यावर’ असे जाणून जो राहतो, तोही अस्सल जगतो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या नेमाडे यांच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर पुण्याहून गावी परततो, पण केवळ परतल्याने त्याचा प्रश्न सुटत नाही.

कोणी विचारील, डोक्यावर कर्ज असलेल्याला कसली निवड? शंका रास्त आहे. आरंभी आपण स्वातंत्र्याची कल्पना फार ताणली, हे सार्त्र यांनीही पुढे मान्य केले. तरी परिस्थितीने जे घडविले, त्याचे पुढे काय करावयाचे, एवढे माणसाच्या हाती उरतेच.

महिनोन्महिने झोप उडाली, तर डॉक्टरांकडे जावे. परंतु एखाद्या रात्रीची चिंता हाकलण्यापूर्वी ती काय विचारते आहे, हे एकदा ऐकून घ्यावे, असे आम्हांस वाटते.