खोली उघडी, रस्ता बंद!
निर्बंधांच्या काळात घरगुती मुक्कामाचे नियम नेमके काय होते?

कोल्हापूर : अंबाबाई मंदिराच्या परिसरात, विशेषतः महाद्वार रोड, ताराबाई रोड आणि बिनखांबी गणेश मंदिराच्या आसपास, राहत्या घरातील एक-दोन खोल्या यात्रेकरूंना मुक्कामासाठी देण्याची पद्धत जुनी आहे. ‘होम स्टे’ हा शब्द पुष्कळ नंतर आला. अशा घरांचे उत्पन्न कोरोनाच्या साथीत दीड वर्षाहून अधिक काळ विस्कळित झाले. पाहुणा ठेवावा की नाही, आणि ठेवता येत नसेल तर घेतलेल्या आगाऊ रकमेचे काय करावे, या दोन प्रश्नांनी यजमानांना सर्वाधिक छळले.

देशभरात 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागू झाली. त्याआधीच मंदिराचे दरवाजे भाविकांसाठी बंद झाले होते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पहिल्याच आदेशाने निवास व्यवसाय थांबविला. मात्र टाळेबंदीमुळे अडकून पडलेले पर्यटक, वैद्यकीय कर्मचारी आणि विलगीकरणासाठी घेतलेल्या जागा यांना त्यातून वगळले. या सवलतीत ‘होम स्टे’चा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे नवा पाहुणा घेणे बेकायदा. पण रेल्वे व एसटी बंद झाल्याने ज्याला परतता येत नाही, त्याला ठेवून घेणे नियमात बसत होते. अडकलेले यात्रेकरू, पर्यटक, विद्यार्थी व मजूर यांना स्वगृही जाण्याची मुभा 29 एप्रिल 2020 च्या आदेशाने मिळाली. तोवर सुमारे महिनाभर यजमानाने पाहुण्याकडून किती भाडे घ्यावे, हे कोणत्याच आदेशात नव्हते. भाडेमाफीची सूचना निघाली होती, ती भाड्याने राहणाऱ्या कामगारांसाठी आणि एका महिन्यापुरती.

यानंतर निर्बंध शिथिल झाले, ते मात्र तीन तुकड्यांत. राज्य शासनाने 8 जुलै 2020 पासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील हॉटेल, लॉज व अतिथिगृहांना 33 टक्के क्षमतेने परवानगी दिली. पाहुण्याकडून प्रवासाचा व प्रकृतीचा तपशील लिहून घेणे बंधनकारक झाले. तेहतीस टक्क्यांचा हिशेब पन्नास खोल्यांच्या हॉटेलला सोपा. दोन खोल्यांच्या घराने तो कसा करायचा, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. शिवाय जिल्ह्याबाहेर जाण्यास पोलिसांचा ई-पास लागत होता आणि देवदर्शन हे त्यासाठीचे कारण नव्हते. ई-पासची अट 2 सप्टेंबर 2020 पासून उठली आणि त्याच दिवशी निवासाची क्षमताही शंभर टक्के झाली. तरीही पाहुणे येईनात. कारण मंदिर बंदच होते. नवरात्रही भाविकांविना गेले. मंदिरे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. खोली, रस्ता आणि देऊळ अशी तीन कुलपे तीन वेगवेगळ्या तारखांना निघाली. यात्रेकरूंवर चालणाऱ्या घराला यांतील शेवटचे कुलूप निघेपर्यंत आधीच्या दोन सवलतींचा फारसा उपयोग नव्हता.

दुसऱ्या लाटेत हाच क्रम पुन्हा फिरला. 5 एप्रिल 2021 ला मंदिरे बंद, त्याच महिन्याच्या उत्तरार्धात आंतरजिल्हा प्रवासावर पुन्हा बंधने, जूनमध्ये स्तरनिहाय शिथिलीकरणात कोल्हापूर चौथ्या स्तरात आणि जुलैत महापूर. मंदिरे उघडली ती 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी. कोगनोळीजवळ कर्नाटकच्या तपासणी नाक्यावर आरटीपीसीआर अहवाल मागितला जाई. त्यामुळे सीमाभागातून एका मुक्कामासाठी येणारे कुटुंबही परतीच्या विचाराने कचरत असे.

आता आगाऊ रकमेचा प्रश्न. ‘एअरबीएनबी’ने 14 मार्च 2020 पर्यंत केलेली, साथीच्या पहिल्या काही आठवड्यांतील मुक्कामाची आरक्षणे पूर्ण परताव्यासह रद्द करू दिली. यजमानांच्या रद्दीकरणाच्या अटी त्यामुळे बाजूला पडल्या आणि जगभर त्यांचा रोष उसळला. मार्चअखेर कंपनीने यजमानांसाठी 25 कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. पण त्यातून मिळणार होते ते त्यांच्या अटींनुसार देय ठरणाऱ्या रकमेच्या 25 टक्के.

दूरध्वनीवरून खोली ठरविणाऱ्यांसाठी तर असा मध्यस्थही नव्हता. तेथे 1872 चा भारतीय करार कायदा लागू होतो. कलम 56 नुसार करार पार पाडणे नंतर अशक्य वा बेकायदा झाले, तर तो रद्दबातल ठरतो. आणि कलम 65 नुसार त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो. एप्रिल 2020 मधील आरक्षणाला हे सरळ लागू पडते. ऑगस्ट 2020 चे काय? खोली कायद्याने उघडी, पण पाहुण्याला ई-पास नाही. केवळ गैरसोय किंवा तोटा म्हणजे अशक्यता नव्हे, अशी न्यायालयांची भूमिका असल्याने येथे यजमानालाही बाजू उरते. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी परताव्याबाबत निकाल दिला, तो विमान तिकिटांपुरता होता.

या वादात बहुतेकदा कागदच नसतो. त्यामुळे आगाऊ रक्कम घेताना पावतीवर दोन ओळी लिहून घेणे यजमान आणि पाहुणा दोघांच्याही सोयीचे आहे : शासकीय आदेशाने प्रवास किंवा मुक्काम बंद झाल्यास रक्कम परत मिळेल की पुढील तारखेला वळती होईल, आणि वळती झाल्यास किती महिन्यांपर्यंत.