लिथियमच्या गोळीपासून पुढे

फेब्रुवारी २००८ मध्ये इटलीतून एक शोधनिबंध आला आणि एएलएसच्या रुग्णांत खळबळ उडाली. १६ रुग्णांना लिथियम दिले होते, आणि १५ महिन्यांत त्यांतला एकही दगावला नव्हता. लिथियम न घेणाऱ्या २८ जणांच्या गटात मात्र तेवढ्याच काळात जवळपास ३० टक्के रुग्ण गेले होते. लिथियम म्हणजे मानसोपचारातले जुने, स्वस्त, सहज मिळणारे औषध. आणि एएलएस म्हणजे हालचालींचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाणारा आजार. आधी हात किंवा पाय लुळा पडतो, मग बोलणे, गिळणे आणि शेवटी श्वास. लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेकांच्या वाट्याला दोन ते पाच वर्षे येतात. अशा माणसाने पुढच्या मोठ्या चाचणीची वाट पाहायची ती कशाच्या भरवशावर? अनेकांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि गोळ्या सुरू केल्या.

इथवरची गोष्ट जुनीच, पुढची नवी. ‘पेशंट्सलाइकमी’ या संकेतस्थळावर हे रुग्ण घेतलेली मात्रा आणि अंगातली उरलेली ताकद नियमित नोंदवत होते. संकेतस्थळामागे होते अमेरिकेतले हेवूड बंधू. त्यांच्या भावाला, स्टीफनला, १९९८ मध्ये एएलएसचे निदान झाले होते. लिथियम घेणाऱ्या १४९ जणांच्या नोंदी, आजार त्याच वेगाने वाढत असलेल्या पण लिथियम न घेतलेल्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. फरक काहीच नव्हता. २०११ मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आला, तोवर अमेरिका आणि कॅनडातली रीतसर चाचणीही उपयोग नाही म्हणून मध्येच थांबवण्यात आली होती.

गेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर एएलएसवरच्या सामायिक संशोधनाची पहिली ठोस कमाई ही अशी आहे: खोट्या आशा लवकर उघड्या पडू लागल्या. निराश करणारी कमाई खरी, पण तिची गरज फार होती.

कारण त्याआधीची वाट उंदरांनी चुकवली होती. १९९३ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून आनुवंशिक एएलएसचे पहिले जनुक शोधले, एसओडी१. वर्षभरात त्या जनुकातला दोष घातलेले उंदीर तयार झाले, आणि त्यांच्यावर औषधामागून औषध ‘लागू’ पडत गेले. माणसांवर मात्र १९९५ मध्ये मान्यता मिळालेल्या रिलुझोलखेरीज काही चालेना. तेही आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढवणारे. हेवूड कुटुंबानेच उभ्या केलेल्या संस्थेने मग ७० हून अधिक औषधे पुन्हा तपासली, सुमारे १८ हजार उंदरांवर. २००८ मध्ये त्यांनी सांगितले की एकही औषध टिकले नाही. आधीचे बरेचसे यश म्हणजे थोड्या उंदरांवरच्या प्रयोगांत योगायोगाने दिसलेला फरक होता.

थोड्या आकड्यांचा हाच रोग माणसांच्या चाचण्यांनाही जडला होता. दरवर्षी लाखात साधारण दोघांना होणारा आजार. एकेका रुग्णालयाला किती रुग्ण दिसणार? यावर उपाय काढणाऱ्यांत एक रुग्णच होता. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना, २९ व्या वर्षी निदान झालेल्या अवी क्रेमर यांच्या ‘प्राइझ४लाइफ’ने बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांसह २०१२ मध्ये ‘प्रो-अ‍ॅक्ट’ हा माहितीसाठा खुला केला. त्यात पूर्ण झालेल्या चाचण्यांतल्या साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांच्या निनावी नोंदी होत्या. औषध कंपन्या फसलेल्या चाचण्यांच्या फायली सहसा कुलपातच ठेवतात, हे लक्षात घेतले तर त्यांची मनधरणी सोपी नव्हती.

जनुकांच्या शोधातही असेच अनेक हात लागले. २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांना सी९ओआरएफ७२ या जनुकातला दोष एकाच वेळी सापडला. युरोपीय वंशाच्या कुटुंबांत आनुवंशिक एएलएसचे ते सर्वांत मोठे कारण ठरले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन उद्योजकांनी, स्वतः रुग्ण असताना, ‘प्रोजेक्ट माइन’ची सुरुवात केली: १५ हजार रुग्ण आणि साडेसात हजार निरोगी माणसे यांचे संपूर्ण जनुकीय वाचन. पुढच्याच वर्षी डोक्यावर बर्फाचे पाणी ओतण्याची लाट आली. अनेकांनी तिला उथळ म्हटले. पण अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे तिने ११.५ कोटी डॉलर आणले. त्यातून मदत मिळालेल्या, ११ देशांतल्या ८० हून अधिक संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये एनईके१ हे जनुक जाहीर केले.

या साठ्यांत भारत अगदी पुसट दिसतो. सी९ओआरएफ७२चा दोष आशियात विरळ आहे, आणि दक्षिण भारतात १९७० पासून नोंदलेला ‘मद्रास मोटर न्यूरॉन आजार’, तरुणांना होणारा, सावकाश वाढणारा आणि बहिरेपण आणणारा, हे वेगळेच प्रकरण आहे. युरोपीय नोंदींवरून त्याचा माग लागणार नाही.

बर्फाच्या पाण्याचा काही पैसा ज्या औषधाला मिळाला, त्या रेलिव्हरिओला २०२२ मध्ये १३७ रुग्णांच्या चाचणीवर अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत ते फसले, आणि २०२४ मध्ये कंपनीने ते स्वतःहून बाजारातून काढले. दरम्यान बोस्टनहून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘हीली’ चाचणीने मांडणीच बदलली होती. तिथे अनेक औषधे एकाच छत्राखाली तपासली जातात आणि बिनऔषधी गोळी घेणारा गट सर्वांना सामाईक असतो. त्यामुळे चौघांतल्या तिघांना खरे औषध मिळते. तिथेही पहिली काही औषधे नापासच झाली.

एसओडी१वरचे टोफरसन हे औषध एप्रिल २०२३ मध्ये मान्य झाले, जनुक सापडल्यावर तीस वर्षांनी. हा दोष एएलएसच्या जेमतेम दोन टक्के रुग्णांत असतो. १०८ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ताकदीत ठरवलेला फरक दिसला नव्हता. मान्यता मिळाली ती चेतापेशींची पडझड दाखवणारे रक्तातले न्यूरोफिलामेंट उतरले म्हणून. २०२१ पासून याच औषधाची आणखी एक चाचणी चालू आहे. तिच्यात दोष अंगात असलेली पण अजून धडधाकट माणसे घेतली आहेत. त्यांचे न्यूरोफिलामेंट वारंवार मोजतात, आणि ते चढू लागले की लक्षणांची वाट न पाहता त्यांतल्या काहींना पाठीच्या कण्यातून औषध द्यायला सुरुवात करतात.