संगणकातला सातबारा वाचून घ्या

पूर्वी सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी तलाठ्याकडे चार-चार हेलपाटे पडत. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सरकारी संकेतस्थळावर 15 रुपये भरले की तो निघतो, वेगळा सही-शिक्का लागत नाही. ही सोय मोठीच आहे.

पण बंधू-भगिनींनो, संगणकात जे भरले तेच बाहेर येते. हस्तलिखित सातबारे संगणकात चढविताना कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र कमी लागले. म्हणूनच 2017 साली सरकारने गावोगावी चावडी वाचन ठेवले. पण त्या दिवशी जे मजुरीला बाहेरगावी होते, त्यांची चूक कोण सांगणार?

अशी चूक कर्जाच्या वा भूसंपादनाच्या मोबदल्याच्या वेळी आडवी येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली लेखनातील चूक दुरुस्त होते. जुना हस्तलिखित उतारा व फेरफाराची नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी.

घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना उतारा मोठ्याने वाचून दाखवावा. नाव, गट नंबर, क्षेत्र, इतर हक्काचा रकाना, सारे तपासावे. वडील वारले असतील तर आईचे व बहिणींचे नाव लागले आहे ना, हेही आवर्जून पाहावे.