मागायलाही वस्ताद लागतो

रमजान निम्मा सरला की आमच्या गावच्या पेठेत एक दृश्य हमखास दिसतं. दुपारनंतरची असरची नमाज झाली की डोक्यावर टोपी, हातात पावतीपुस्तक आणि काखेत पिशवी घेतलेली पोरं दोघा-दोघांनी दुकानांच्या पायऱ्या चढू लागतात. कुणी मदरशासाठी आलेलं असतं, कुणी गरीब मुलांच्या फीसाठी, कुणी आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी. रोजामुळं ओठ सुकलेले असतात. काही दुकानदार हसून गल्ला उघडतात, काही ‘उद्या या’ म्हणतात, काही मानच वर करत नाहीत.

ती पोरं दिसली की माझी नजर एकच गोष्ट शोधते. यांच्याबरोबर कुणी जाणता माणूस आहे का?

आमच्याकडं दानधर्म वर्षभर चालतो, पण त्याचा हंगाम म्हणजे रमजान. या महिन्यात पुण्य कैकपटीनं मिळतं अशी श्रद्धा असल्यानं बहुतेक जण जकात याच दिवसांत काढतात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता वर्षभर ज्याच्याजवळ शिल्लक राहिली, त्यानं तिच्यातला शेकडा २.५ हिस्सा गरजूंसाठी काढायचा, असा हिशेब आहे. ईदच्या नमाजेआधी द्यायचा फितरा वेगळा आणि मनाला येईल तेव्हा द्यायचा सदका आणखी वेगळा. वाचकांपैकी अनेकांना एवढं ठाऊक असेल. ठाऊक नसतं ते असं की, जकात कुणाला द्यावी हे सांगताना कुरआनाच्या ‘तौबा’ या अध्यायात जे आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करण्याचं काम करणारेही आहेत. फकीर, मिस्कीन आणि लगेच तिसरे हे. म्हणजे वर्गणी गोळा करणं हे कुणीही, कसंही उरकायचं काम नाही. ते रीतसर काम आहे, त्याला मोबदला आहे आणि म्हणून त्याला शिक्षणही आहे.

हे शिक्षण कसं द्यायचं, याचा धडा खुद्द पैगंबरांनी घालून दिला आहे. मुआज बिन जबल या आपल्या तरुण सहकाऱ्याला त्यांनी येमेनला पाठवलं, तेव्हा निघताना समजावून सांगितलं : जकात तिथल्या श्रीमंतांकडून घ्यायची आणि तिथल्याच गरिबांना द्यायची, लोकांच्या मालातला निवडक, उत्तम माल उचलायचा नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हाकेची धास्ती बाळगायची, कारण ती हाक आणि अल्लाह यांच्यामध्ये पडदा नसतो. दुसरा एक प्रसंग वसुलीवरून परतलेल्या माणसाचा. ‘हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळाला,’ असं तो म्हणाला. पैगंबरांनी मिंबरवरून, त्याचं नाव न घेता, सगळ्यांना विचारलं : हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्या दारी आली असती का? चूक दाखवली, पण नाव घेतलं नाही. शिकवणाऱ्यानं शिकावं असंही त्यात पुष्कळ आहे.

माझे वस्ताद होते आमचे मास्तरचाचा. मराठी शाळेत शिक्षक होते, म्हणून सगळं गाव त्यांना याच नावानं ओळखायचं. ‘वस्ताद’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कुस्तीच्या तालमीतला हा शब्द मूळचा फारसी ‘उस्ताद’. ‘तालीम’ही अरबीतून आलेली, तिचा मूळ अर्थच शिक्षण. आमच्या सातारा जिल्ह्यात हे दोन्ही शब्द इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

१९८२ साली गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मोहल्ल्यात फंड सुरू झाला. मी कॉलेजात होतो, अंगात रग होती. पावतीपुस्तक मागितलं तर चाचांनी माझ्या हातात रिकामी पिशवी ठेवली. पहिले दहा दिवस मी फक्त पिशवी धरायची, बोलायचं नाही. ते बोलत आणि मी ऐके. रस्त्यानं परतताना एखादी गोष्ट सांगत, तीही एका दिवशी एकच.

भवानी व्हायच्या आधी दुकानाची पायरी चढायची नाही. गिऱ्हाईक उभं असेल तर बाहेर थांबायचं. दहा रुपयांची पावती हजाराच्या पावतीइतक्याच सुवाच्य अक्षरात लिहायची. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही सलाम किंवा नमस्कार करूनच खाली उतरायचं. जकातीचे पैसे एका पिशवीत आणि साधी देणगी दुसऱ्या पिशवीत ठेवायची, कारण जकात हकदार गरिबाच्याच हाती जायला हवी. इमारतीच्या विटा-सिमेंटला ती चालत नाही, असं आपले बहुतेक उलेमा सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : ईद झाल्यावर दोन महिन्यांनी त्याच दुकानात पुन्हा जायचं, हातात पावतीपुस्तक न घेता. किती जमले, किती मुलांची फी भरली, एवढंच सांगून यायचं.

‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ असं मी एकदा विचारलं. तेव्हा कळलं, चाचा साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात वाढलेले. कर्मवीरांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एका पंक्तीत जेवत. ते चालवताना लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रही राहिलं नाही. घरोघरी मूठमूठ धान्य मागायची मुष्टिफंडाची रीत याच चळवळीत रुजली. चाचा सांगत, ‘आमच्या रेक्टरनी आम्हाला मूठ मागायला पाठवलं ते स्वतः पुढं उभं राहून. पहिल्या दारात ते मागायचे, दुसऱ्या दारात आम्ही.’ मोहल्ल्याच्या फंडाची शिस्त अशी रयतेच्या बोर्डिंगातून आलेली होती.

एवढं शिकूनही मी चुकायचा तो चुकलोच. दुसऱ्या वर्षी माझ्या हातात पावतीपुस्तक आलं. पेठेच्या टोकाला एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मालकांनी पाच रुपये काढून दिले. मागच्या वर्षीची पावती मला आठवत होती. दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी मोठ्यानं बोलून गेलो, ‘चाचा, गेल्या साली तर अकरा दिले होते!’ ते कसनुसं हसले, खिसा चाचपला आणि आणखी एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला.

मास्तरचाचा बाहेर उभे होते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. रात्री तरावीहची नमाज झाल्यावर मला घेऊन थेट त्या माणसाच्या घरी गेले. ‘याला तुम्हाला काही सांगायचंय,’ एवढंच म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी माफी मागितली. त्या भल्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चहा पाजला. मला तेव्हा वाटलं, एका रुपयासाठी चाचांनी जरा जास्तच केलं.

सात-आठ वर्षांनी चाचांचे गुडघे धरले. वाटपाचं काम त्यांनी माझ्याकडं सोपवलं. कुणाच्या घरी रात्री, अंधारात, बंद पाकीट पोचवायचं याची यादी एका वहीत होती. नावं नव्हतीच, नुसत्या खुणा होत्या. त्यांनी एकेक घर तोंडी सांगितलं. चौथं घर त्या सायकलवाल्यांचं निघालं. त्यांचं पाकीट मी कॉलेजात असल्यापासून चालू होतं.

म्हणजे ज्या माणसाला आम्ही रात्री देत होतो, तोच माणूस दिवसा पेठेत चारचौघांबरोबर पाच रुपये देऊन आपली मान ताठ ठेवत होता. आणि ती मान मी चारचौघांत खाली घालायला लावली होती. चाचांना हे त्या रात्रीच सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण ते गुपित त्यांचं नव्हतं. आज ते दोघेही अल्लाहला प्यारे झाले आहेत, म्हणून गावाचं नाव न घेता इथं लिहितो आहे.

ही गोष्ट आठवायला निमित्त झालं भाचीचं. पुण्यात एका शिक्षणसंस्थेसाठी निधी उभारण्याची नोकरी करते. समाजकार्याची पदवी आहे, इंग्रजी चांगलं आहे, संगणक चालवते. मागच्या वर्षी रमजानच्या आधी तिचा फोन आला, ‘मामू, मी राजीनामा देते. दर महिन्याला आकडा वाढवून देतात. फोन कुणाला करायचे याची यादी देतात. पण कुणी जवळ बसून सांगत नाही, की समोरचा ‘नाही’ म्हणाला तर पुढं काय. मला मागायचीच लाज वाटायला लागलीये.’

हे दुखणं तिच्या एकटीचं नाही. आज संस्था क्यूआर कोड छापतात, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीसाठी अर्ज भरतात, दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही हे नव्या मुलांना तोंडपाठ करून घेतात. हे सगळं लागतंच. पण देणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, नकार पचवणं, मिळालेल्या पैशाचा हिशेब न मागता देणं या गोष्टी कागदावर उतरत नाहीत. त्या कुणाच्या तरी सोबत चालूनच येतात. सोबत नसली की नवखं माणूस एक तर उद्धट होतं, नाहीतर खचून काम सोडतं. दोन्हींत नुकसान होतं त्या मुलाचं, ज्याची फी भरायची होती.

भाचीला मी माझ्या ओळखीच्या एका ताईंकडं पाठवलं. अंध मुलांच्या शाळेसाठी त्यांनी वीसेक वर्षं देणग्या जमवल्या, आता निवृत्त आहेत. दर शनिवारी तासभर भेटायचं ठरलं. पहिल्या दिवशी ताईंनी तिला आकडा विचारलाच नाही. ‘मागच्या वर्षी ज्यांनी दिलं, त्यांपैकी किती जणांना तू नुसतं धन्यवाद म्हणायला फोन केलास?’ असं विचारलं. भाची गप्प. त्या आठवड्यात तिनं तीस फोन केले, एकाकडंही काही मागितलं नाही. चौघांनी स्वतःहून विचारलं, यंदा कधी पाठवू? राजीनामा तिनं फाडून टाकला. बदल्यात तिनं ताईंना मोबाइलवर देणगीदारांची यादी ठेवायला शिकवलं. त्यांची जुनी वही आता त्यात उतरली आहे.

फंड, मंडळं, ट्रस्ट चालवणाऱ्या माझ्या सगळ्या गाववाल्यांना, गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्यांनाही, एवढंच सांगणं आहे : नव्या पोराच्या हातात पावतीपुस्तक देण्याआधी त्याच्या शेजारी एक जुना माणूस द्या. आणि ज्यांनी आयुष्यभर हे काम केलं, त्यांनी गुडघे दुखतात म्हणून घरी बसू नये. पेठेत चालवत नसेल तर ओट्यावर बसून शिकवता येतं.

वाचकांनीही थोडं करावं. या आठवड्यात कुणी पावतीपुस्तक घेऊन दारी आलं तर संस्थेची नोंदणी विचारा, मागच्या वर्षीचा हिशेब मागा, तो तुमचा हक्क आहे. द्यायचं नसेल तर नाही म्हणा. पण पोराला बसायला खुर्ची द्या. रोजा असेल तर पाणी तो घेणार नाही. खुर्ची मात्र घेईल.

परवा असरनंतर मीही निघतोय. यंदा शेजारचा अकरावीतला मुलगा बरोबर आहे. पावतीपुस्तक मागत होता. मी त्याच्या हातात पिशवी दिली आहे.